आमच्या वर्षावासातला गुलाबभैया

आषाढ पौर्णिमेला विहारात ग्रंथवाचन सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी ऑफिसचा डबा भरत असताना, गल्लीच्या ग्रुपवर सुनील सरांचा मेसेज पडला. ‘गुलाबभैया परत येतोय! सीझन टू!’ खाली फोटो. पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात सुई आणि चेहऱ्यावर ते हसू. मी स्कूटीला चावी लावेपर्यंत फोटोखाली अंगठ्यांची आणि हसऱ्या तोंडांची रांग लागली होती. कोणीतरी लिहिलं होतं, ‘यंदा पण म्हाताऱ्यांनी सांभाळून राहावं बरं!’ त्यावर पुन्हा हसरी तोंडं. माझ्या घशाशी आंबट आलं. उगाच बोलायचं म्हणून बोलत नाही, खरोखर आलं. डब्यातली तरोट्याची भाजी मी त्या दिवशी तशीच परत आणली.

आमच्या आंजी गावचा पावसाळा तसा माझ्या आवडीचा. काळी माती चपलेला धरून बसते, पाऊल उचललं की अर्धं वावर बरोबर येतं. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असतं. घरात कपडे वाळत नाहीत, दोरीवरच्या ओल्या चादरींचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि त्या वासात कांदा परतला की मला अजूनही आईचं घर आठवतं. वर्ध्याहून ऑफिस करून परत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निंदणाच्या बाया डोक्यावर खताच्या पिशव्यांच्या खोळी घेऊन घरी चाललेल्या दिसतात. आणि संध्याकाळी विहार. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आषाढाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत, आमच्याकडे रोज संध्याकाळी सगळी गल्ली विहारात जमते. मेणबत्ती, अगरबत्ती, त्रिसरण, पंचशील, मग एक जण वाचतो आणि बाकीचे ऐकतात. लहानपणी आई मला मांडीवर घेऊन बसायची. तिच्या पांढऱ्या लुगड्याला निळीचा वास यायचा आणि वाचणाऱ्याच्या आवाजावर मला झोप लागायची.

हे सगळं तसंच आहे. फक्त त्या एका पावसाळ्यात त्यावर गुलाबभैया येऊन बसला, आणि आता पाऊस आला की तो पण येतो. माझ्या आवडत्या ऋतूला त्या माणसाचा हात लागला आहे. धुऊन जात नाही.

ज्यांनी ती मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, फार वेळ घेणार नाही. गुलाब नावाचा एक कंपाउंडर. गाव कुठलं ते सांगत नाहीत, पण धूळ, ऊन, हिंदी-मराठी मिसळून बोलणं, सगळं आमच्याच बाजूचं वाटतं. हा सायकलवरून घरोघर जाऊन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं देतो. बीपी मोजतो, पाय चेपून देतो, दूध आणून देतो. आणि मग एक दिवस दंडाला कापूस लावतो आणि लाडानं म्हणतो, “बस, चींटी काटेगी, अम्माजी.” म्हणजे मुंगी चावल्यासारखं होईल. एवढं म्हटलं की म्हातारी मेली. मागं लग्नाच्या वरातीतला बँड वाजतो. दर वेळी कुठली तरी गंमत होते. एकदा तिचा पोपट “चींटी काटेगी” म्हणायला शिकतो, एकदा सायकल पंक्चर होते आणि मेलेल्या बाईचा जावईच त्याला पंप आणून देतो. लोक हसतात. हसायलाच केलं आहे ते.

मी दोन भाग पाहिले. नवऱ्यानं आग्रह केला म्हणून पहिला आणि दुसरा आणखी काही असेल या आशेनं. दुसऱ्या भागात एक म्हातारी सुई टोचल्यावर पाणी मागते आणि तो स्वतःच चहा करून पीत बसतो, बशीत ओतून, फुर्र करून. कॅमेरा त्या बशीवर. आमच्या घरात सगळे खो-खो हसत होते. मी उठून भांडी घासायला गेले. नळाखाली हात धरला तरी ती फुर्र कानातून जाईना.

त्या वर्षी ग्रंथ वाचायला सुनील सर होते. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. वाचताना मध्येच थांबून अवघड शब्द सोपा करून सांगायचे. बाया म्हणायच्या, सर वाचतात तेव्हा डोळ्यासमोर दिसते. आणि गुलाबभैयाचे सगळ्यात मोठे वकीलही तेच. वाचन संपलं की पाऊस हमखास जोर धरायचा. विहाराच्या व्हरांड्यावर टिनाचं छप्पर आहे. त्यावर पाणी असं आदळायचं की कुणाला घरी निघता यायचं नाही. मग ओल्या छत्र्यांच्या गर्दीत उभ्याउभ्या चर्चा सुरू व्हायची. काल काय झालं, उद्या कुणाची पाळी, आणि निघताना कोणीतरी ‘चींटी काटेगी’ म्हणायचंच.

आत आम्ही नुकतंच हात जोडून म्हटलेलं असायचं की मी जीवहत्येपासून दूर राहीन. बाहेर येऊन चपला शोधता शोधता म्हणायचो, काल मस्त मारली नाही?

“मी तं टाळ्याच वाजवल्या,” मंगला म्हणाली होती. मंगला माझी धाकटी जाऊ. नकला करण्यात तिचा हात धरणारं आमच्या खानदानात कोणी नाही. लग्नात तिच्याभोवती घोळका असतो. “ती म्हातारी होतीच तशी. लय खाष्ट. रोज त्या गरिबाशी भांडे. हे असं काऊन ठेवलं, तिकडून काऊन आला, पाय धुऊन ये. एवढी किरकिर कोन आयकन? मले तं वाटे, कवा मारते हिले.”

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “लेखकानं तेच दाखवलं वहिनी.” वहिनी म्हणजे मी. मी तोंड वाकडं केलेलं त्यांनी पाहिलं असावं. “तुम्ही नुसता खून पाहता. त्याच्या मागचं पाहा ना. लहानपणी त्याच्या आजीनं त्याला किती मारलं. समाजच असे गुलाब तयार करतो. आणि विनोदातून सांगितलं की माणूस विचार करतो.”

“काय विचार केला तुम्ही?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“त्या मेलेल्या बाईची पोरगी होती ना एक? पहिल्या भागात फोनवर बोलते ती. तिचं पुढं काय झालं?”

सर हसले. “वहिनी, ते पात्र आहे. तिचं काम तेवढंच होतं.”

मग एकदा त्यांनी मोठा मुद्दा काढला. म्हणाले, आपल्या ग्रंथातही आहेच की एक माणसं मारत सुटलेला. त्यालाही समजून घेतलंच ना? त्यालाही जवळ केलंच ना? व्हरांड्यातल्या चार जणांनी माना हलवल्या. मी म्हटलं, सर, तुम्हीच परवा वाचून दाखवलं. त्याच्या गोष्टीत मेलेल्यांवर कोणी हसत नाही. आणि तो भिक्षू झाल्यावर लोकांनी दगड मारून त्याचं डोकं फोडलं, तेव्हाही त्याला एवढंच सांगितलं की सोस. सरांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. एखादा विद्यार्थी चांगलं बोलला की पाहतात तसं. म्हणाले, “वा! चर्चा पाहिजे ती अशी!” आणि पाऊस थांबला म्हणून सगळे निघाले.

मला त्या “वा”चा जास्त राग आला. मी मेलेल्यांबद्दल बोलत होते, आणि त्यांच्यासाठी तो वादाचा एक चांगला डाव होता.

या सगळ्यात व्हरांड्याच्या टोकाला, प्लास्टिकच्या खुर्चीवर, काळा चष्मा लावून पंचफुलाकाकू बसलेली असायची.

काकू आमच्या गल्लीची. नवरा कधीच वारला, मुलगी सुवर्णा लग्न होऊन नागपूरला. काकू अंगणवाडीत मदतनीस होती. गल्लीतल्या आजच्या अर्ध्या तरण्या पोरांचं नाक तिनं आपल्या पदरानं पुसलेलं आहे, आणि ते ती त्यांना त्यांच्या बायकांसमोर ऐकवायची. तोंडाची फटकळ. तुमच्या दारावरून जाताना थांबून सांगणार की झाडू उभा काऊन ठेवला. चहा पातळ झाला की कप परत देणार. भाजीवाला तिला दुरून पाहून टोपली झाकायचा. पण कोणाकडं बाळंतपण असलं, कोणी आजारी पडलं, तर पहिली काकू हजर. आजाऱ्याची उशी उन्हात टाकायची आणि घरच्यांना रागवायची, दोन्ही कामं एकदम.

त्या वर्षी वर्षावास लागायच्या थोडं आधी तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं; दुसऱ्या डोळ्यानं तिला आधीपासूनच फारसं दिसायचं नाही. सुवर्णा म्हणाली, नागपूरला चल. काकू म्हणाली, “वर्षावासात मी कुठी जात नाई. अन् गल्ली हाय ना.” आणि गल्ली होती. आमच्याकडं असं आजारपण निघालं की पाळ्या लागतात, त्याला कोणी बैठक घेत नाही. डोळ्यात दिवसातून तीनदा थेंब टाकायचे होते. सकाळी मंगला टाकणार, दुपारी सुनील सरांची बायको, संध्याकाळी विहारात जायच्या आधी मी. ज्याची पाळी, जेवण त्याच घरचं. वर्ध्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं की डोळ्याला हात नको, पाणी नको, धूर नको, टीव्ही नको. टीव्ही तिच्याकडं नव्हताच. धूर नको म्हणून ती विहारात आत न बसता बाहेर व्हरांड्यात बसायची, दारातून येईल तेवढं ऐकायची. तो सगळा पावसाळा ती कानांनीच जगली.

पहिले काही दिवस तिची माझ्याशी संध्याकाळची बोलाचाली मजेची व्हायची. मी थेंबाची बाटली वर धरली की ती म्हणायची, “हात थरथरते तुया. ऑफिसात सही तरी सरळ येते का?” पापणी मी दोन बोटांनी उघडायची. तिचा तो उघडा, ओला डोळा माझ्या हाताखाली अगदी गप्प असायचा. एवढी बोलणारी बाई, पण थेंब पडेपर्यंत श्वाससुद्धा धरून ठेवायची. कोणी आपला डोळा असा दुसऱ्याच्या हाती देतं, तेव्हा त्यात काय काय असतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग एक दिवस मी गेले तर म्हणाली, “टाकले मी.”

“तुम्ही कसे टाकले? दिसते का?”

“पडते अंदाजानं. तू जा, वाचन सुरू होईन.”

मला वाटलं बरं वाटत असेल, डोळा सुधारला असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. मंगला म्हणाली, “मले बी नाई म्हंते. म्हातारपन हाय, जाऊ दे.” जेवणाचा डबा ती दारातच घ्यायची आणि कडी लावायची. सरांच्या बायकोनं विचारलं तर म्हणाली, “कोनाचा उपकार नाई पायजे.” गल्लीत थोडी नाराजी झाली. एवढं करून वर हे. आणि कोणीतरी व्हरांड्यात हलक्या आवाजात म्हणालंच, “गुलाबभैयाले पाठवा काकूकडं.” पावसाच्या आवाजात ते तिला ऐकू गेलं नसेल असं त्या माणसाला वाटलं. काकू तीन खुर्च्या पलीकडं होती. मी त्याला म्हटलं, लाज नाही वाटत का? तो म्हणाला, “मजाक हाय ताई.” हा शब्द मी त्या पावसाळ्यात इतक्यांदा ऐकला की आता कोणी मजाक म्हटलं की मी आधी कोणाला लागलं ते पाहते.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला आमच्या विहारात एक गोष्ट होते. वाचन झालं की, गेल्या वर्षात गल्लीतलं जे कोणी वारलं त्यांची नावं एकेक करून घेतात आणि सगळे उभे राहून शांत राहतात. मग खीर वाटतात. त्या दिवशी काकू पांढरं पातळ नेसून आत येऊन बसली. धूर होता, तरी बसली. आम्हाला आनंद झाला, राग गेला वाटतं म्हणून. सरांनी नावं घेतली. आम्ही उठणार, तेवढ्यात काकूनं हात वर केला.

“सर, त्या बायायचे बी नावं घ्या.”

“कोणत्या बायांची काकू?”

“त्या गुलाबनं मारल्या त्या. तुमी सारे रोज बोलून राह्यले, अन् नाव कोनीच नाई घेत. कोन्या गावच्या होत्या, लेकरंबाळं हाय का नाई त्यायले. आपल्याच बाजूच्या हाय ना?”

क्षणभर कोणालाच काही समजलं नाही. मग समजलं. आधी मागच्या पोरी फिसकन हसल्या, मग बाया, मग माणसं. मोठं हसू. त्यात वाईट हेतू नव्हता असं मी म्हणू शकते, तिच्या भाबडेपणाचं कौतुकही असेल, पण हसू ते हसूच. विहारात, मृतांची नावं नुकतीच घेतलेली असताना. सर स्वतः ओठ दाबून म्हणाले, “काकू, ते टीव्हीवरचं आहे.”

“टीव्हीवरच तं बातम्या राह्यते.”

“बातमी नाही काकू. नाटक आहे. मालिका. खोटं आहे सगळं. कोणी मेलं नाही.”

आणि तेव्हा मला कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना की इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकानं तरी मालिका हा शब्द उच्चारला होता का. सगळ्यांना ठाऊक असलेलं कोण सांगतं? आम्ही म्हणायचो, त्यानं काल अजून एक मारली. आम्ही म्हणायचो, बरी मेली, खाष्ट होती. पावसाच्या आडोशाला, काळ्या चष्म्याआडून, काकूनं ऐकलं होतं की जवळच्याच कुठल्या गावात एक माणूस एकट्या म्हाताऱ्या मारत फिरतो आहे, आणि तिची गल्ली, जिच्या भरवशावर ती मुलीकडं गेली नव्हती, ती गल्ली हसते आहे. टाळ्या वाजवते आहे. ज्या सरांच्या तोंडून ती ग्रंथ ऐकत होती, ते म्हणत आहेत की त्या खुनी माणसाला समजून घ्या.

काकूला घाम फुटला असावा. तिनं चष्मा काढून पदरानं चेहरा पुसला, आणि समोर बसलेल्या बाया मागं सरकल्या. ऑपरेशनचा डोळा लालभडक झाला होता, पापणी सुजून अर्धी मिटली होती, कडेला पिवळं साचलेलं.

“काकू! हे काय झालं? थेंब टाकत होत्या ना तुमी?” मंगला ओरडली.

“टाकत होती. अर्धे गालावर जाये.”

“काऊन पन? आमी होतो ना! मी रोज येत होती का नाई?”

काकूनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, फटकळ नव्हता. लहान मुलाला समजावतात तसा हळू होता. “तू त्या दिवशी बाटली घेऊन आली, मंगला. माया डोया उघडला अन् म्हनाली, बस, चींटी काटेगी, अम्माजी. तोच शब्द, जो तो म्हंते. मी म्हनलं, हे सारे त्याचेच हाय.”

मंगला खाली बसली ती दोन्ही हातांनी तोंड झाकूनच. नक्कल चांगली झाली असणार. तिच्या सगळ्याच चांगल्या होतात. खिरीच्या भरल्या गंजाच्या काठावर माशी बसली होती, ती कोणी हाकलली नाही. मला त्या खोलीची, त्या मेणबत्त्यांची, आम्हा सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांची शिसारी आली. माझ्या स्वतःच्या कपड्यांचीसुद्धा, आणि मी तर त्यातल्या एकाही विनोदाला हसले नव्हते. हसले नाही म्हणून वेगळी ठरेन असं मला तोपर्यंत वाटत होतं.

काकूला त्याच संध्याकाळी सरांच्या गाडीतून वर्ध्याला नेलं. आत जखम चिघळली होती. डॉक्टरनं आम्हाला सुनावलं, एवढी माणसं असून एका म्हातारीच्या डोळ्यात थेंब टाकता येत नाहीत का. तिथं सरांना समाजाची, लहानपणाची कारणं आठवली नाहीत. बरेच दिवस दवाखान्यात काढल्यावर डोळा वाचला, म्हणजे काढावा लागला नाही. उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते. चेहरा ओळखू येत नाही.

मी या गोष्टीवर ऑफिसात एकदा बोलले. एक जण म्हणाला, मॅडम, यात मालिकेचा काय दोष? लोकांनी नीट सांगायला हवं होतं म्हातारीला. दुसरा म्हणाला, उलट मालिका किती खरी वाटते याचाच हा पुरावा. आणि मग त्यांचा आपसात वाद रंगला, नटाला बक्षीस मिळायला हवं की नको. माझ्या टेबलावर पावसानं ओले झालेले अर्ज पडले होते, ते मी पंख्याखाली एकेक पसरत बसले. कुणाशी काय बोलायचं? मला कोणी वादात हरवलेलं नाही. पण शेणात पाय पडल्यावर, शेणाचेही फायदे असतात असं कोणी समजावू लागलं तर माणसानं काय करावं?

मालिका बंद करावी, बनवणाऱ्यांना शिक्षा व्हावी, असलं काही मला म्हणायचं नाही. खुनी माणसाच्या गोष्टी जगात पूर्वीपासून आहेत आणि राहतील. वाईट माणसावर हसूसुद्धा येतं, मलाही आलं आहे. मला किळस येते ती या सोपेपणाची. म्हातारी किरकिर करते म्हणून तिला मारलेलं चालतं, हे आम्हाला मालिकेनं शिकवलं नाही. ते आमच्या पोटात होतंच. गुलाबभैयानं फक्त बँड वाजवला.

यंदा ग्रुपवर तो फोटो आल्यावर मंगला माझ्याकडं आली. तिनं त्या वर्षापासून नकला सोडल्या आहेत. लग्नात पोरी ओढतात, ती उठत नाही. म्हणाली, “ताई, सरले सांगा ना तो फोटो ग्रुपवरून काढाले.” मी सरांना फोन केला. सर म्हणाले, “वहिनी, किती दिवस तेच धरून बसणार? ती वेगळी गोष्ट होती. मालिका उत्तम आहे.” संध्याकाळी विहारात मीच वाचायला बसते हल्ली, माझा आवाज सरांसारखा नाही. वाचून झाल्यावर व्हरांड्यात पाऊस थांबायची वाट पाहत लोक उभे राहतात आणि माझ्याकडं पाहून आवाज खाली करतात. पण कान आहेत मला. पहिल्याच भागात तीन गेल्या म्हणतात.

काकूच्या जाण्याचा दिवस सांगते आणि थांबते. दवाखान्यातून आल्यावर ती जेमतेम आठवडाभर राहिली. सुवर्णा न्यायला आली. वर्षावास संपायचा होता, तरी काकू निघाली. आम्ही सगळ्या बसस्टॉपवर गेलो. पाऊस उघडला होता, सोयाबीनच्या शेंगा भरल्या होत्या, ऊन असं स्वच्छ की डोळ्यांना टोचत होतं. मंगलानं पहाटे उठून कोथिंबिरीच्या सांभारवड्या तळल्या होत्या. तिनं डबा पुढं केला, काकूनं चाचपून घेतला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “मीठ बरोबर टाकलं का या खेपेले?” मंगला रडायला लागली. मलाही वाटलं, चला, बोलली, पूर्वीसारखं बोलली.

बस आली. माझा हात धरून काकू पायऱ्या चढली. वर दांडा सापडल्यावर तिनं हात सोडला नाही, म्हणून मला धीर आला. मी म्हटलं, “काकू, पुढच्या वर्षी वाचनाले येजा. भेव धरू नका आता मनात. तो गुलाब खोटा होता, समजलं ना तुमाले?”

“समजलं वो बाई,” काकू म्हणाली, आणि तिनं माझा हात सोडला. “तो नव्हताच. पन तुमी तं हाय ना.”